डच बाईचं आभाळ

मी हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. लहानपणी बहिणीच्या लांब वेणीचा हेवा केला, कॉलेजात मैत्रिणीच्या अक्षराचा केला, आणि अमेरिकेत आल्यावर तर या स्वभावाला मोकळं रानच मिळालं. कुणाचं घर मोठं, कुणाची आई सहा महिने येऊन राहते, कुणाचा नवरा भांडी घासतो. पण एका चित्राचा हेवा मी आयुष्यात एकदाच केला. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती आणि आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला राहत होतो.

तिथल्या मराठी मंडळींत माझी एक जागा होती. लग्नाआधी सांगलीला मी दोन वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. अमेरिकेत येताना साड्या कमी करून तैलरंगांची लाकडी पेटी बॅगेत घातली होती. पहिल्या हिवाळ्यात ती दोनदा उघडली. मग मुलं झाली, अपार्टमेंट लहान होतं, रंगांच्या वासाने नवऱ्याचं डोकं दुखायचं. पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आणि तिथे ट्यूबा आतल्या आत दगड झाल्या. त्याऐवजी मी गणपतीची मखरं करू लागले. थर्माकोलच्या पाट्या, धारदार सुरी, भारतातून मागवलेला सोनेरी कागद. एका वर्षी मोर, एका वर्षी देवळाचं शिखर, एका वर्षी शंख. 'वहिनींचं मखर' म्हणून त्याचं नाव झालं होतं. एकदा एक कुटुंब फक्त मखर बघायला पेनसिल्व्हेनियातून आलं होतं, असं मी अजून सांगते. खरं म्हणजे त्यांना त्या दिवशी जवळच दुसऱ्या कुणाकडे जेवायला जायचं होतं.

गणपती बसायचा माझ्या मैत्रिणीकडे, कारण सगळ्यांत मोठी बैठकीची खोली तिची. ती नागपूरची, हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. आम्ही सगळे तिला नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो. तिचा नवराही रसायनशास्त्रातला डॉक्टर होता, पण त्याला तसं कुणीच म्हणत नसे, आणि त्याचं त्यालाही काही वाटत नसे. डॉक्टरची आणि माझी पहिल्या दिवसापासून गट्टी होती. तिचं काम संपलं की ती गाडी माझ्याकडे वळवायची, नाहीतर मी तिच्याकडे. ती चहा टाकायची आणि माझ्या कपात न विचारता दीड चमचा साखर घालायची. हा दीड चमचा माझ्या नवऱ्यालाही कधी नीट जमला नाही.

त्या वर्षी तिने आधीच्याहून मोठं नवं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत फायरप्लेसशेजारी एक भलीमोठी रिकामी भिंत होती. आम्ही तिथे काय लावायचं यावर महिनाभर बोलत होतो. मी पैठणी फ्रेम करून लावायला सांगितलं होतं. मनात मात्र वेगळंच होतं. मनात होतं की ती एक दिवस म्हणेल, तूच काढ ना काहीतरी मोठं. ती म्हणाली असती तर मी नव्या ट्यूबा आणल्या असत्या. ती म्हणाली नाही. जुलैत एक दिवस तिने पर्समधून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. हॉस्पिटलच्या कॅफेटेरियातल्या बोर्डावर कुणीतरी लावलं होतं. त्यावर टाइप केलं होतं की आधुनिक डच चित्रकाराचं मूळ चित्र विकायचं आहे, चार फूट बाय पाच फूट, खाली फोन नंबर.

"तू चल बरोबर," डॉक्टर म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. तू सांगशील ते फायनल."

म्हणजे भिंतीवर चित्र माझं नाही, पण चित्र निवडायला मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी मी शनिवारी छान साडी नेसून गेले. तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं ना.

पश्चिमेकडे पाऊण तास गाडी चालवल्यावर मक्याची शेतं लागली आणि एका शेताच्या कडेला ते घर. चित्रकार म्हणजे कुणी दाढीवाला म्हातारा असणार असं मी धरून चालले होते. दार एका बाईने उघडलं. माझ्याच वयाची, उंच, नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली, मनगटापर्यंत पांढरा रंग लागलेला. तिने आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. दोन्ही गाड्या बाहेर उन्हात उभ्या होत्या आणि गॅरेजभर चित्रं होती. अपार्टमेंट सोडून आम्हीही घर घेतलं होतं, पण आमच्या गॅरेजमध्ये तेव्हा जादा फ्रीज, तांदळाची पोती आणि माझ्या थर्माकोलच्या पाट्या होत्या.

बोलता बोलता कळलं की ती मी आले त्याच वर्षी इथे आली होती. नवऱ्याच्या नोकरीमागून, माझ्यासारखीच. तिलाही दोन मुलं. डॉक्टरने सहज विचारलं की मुलं सांभाळून हे सगळं कसं जमतं. ती म्हणाली, घर बघायला आलो त्या दिवशीच मी नवऱ्याला विचारलं की माझं काम कुठे असणार, आणि त्याने गाड्या बाहेर काढल्या. एवढंच. बर्फातसुद्धा गाड्या बाहेरच असतात, सकाळी तो खरवडत बसतो, असं सांगून ती हसली. मला हसू आलं नाही. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

विकायचं चित्र मधोमध भिंतीला टेकवून ठेवलं होतं. खाली बोटभर हिरवी जमीन, तिच्यावर एक पाण्याची करडी रेघ, आणि वर सगळं आभाळ. पांढरं. पण त्या पांढऱ्यात निळा होता, पिवळा होता, मळका गुलाबी होता, आणि सगळा रंग सुरीने असा जाड थापला होता की ढग हाताला लागतील. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. चित्र फार चांगलं होतं. मला ते चित्र माझ्या घरी हवं होतं, आणि त्याहून जास्त, ते मी काढलेलं असायला हवं होतं.

डॉक्टरने मराठीत विचारलं, कसं आहे गं, घेऊ का? मी म्हटलं, "ठीक आहे. पण त्यात तसं काही नाही." मी हे इतक्या शांतपणे म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. डॉक्टरने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, मान तिरकी केली, आणि म्हणाली की काही नाहीये म्हणूनच मला बरं वाटतंय, दिवसभर माणसं, नळ्या आणि मशिनं बघून घरी यायचं तर असंच काहीतरी पाहिजे. मी सांगेन ते फायनल होतं, ते तिथेच संपलं.

ती चेक लिहायला घरात गेली, तेव्हा डच बाईने मला जवळ बोलावलं. मला यातलं कळतं हे तिने ओळखलं होतं. रंगाच्या एका जाड थराजवळ बोट नेऊन तिने सांगितलं की वरून हा सुकल्यासारखा दिसतो, पण आत अजून ओला आहे, ख्रिसमसपर्यंत तरी राहील. याला कशाचा स्पर्श होऊ देऊ नका, उष्णतेपासून लांब ठेवा, मैत्रिणीला नक्की सांगा. मी मान हलवली. तिने सांगितलं नसतं तरी मला ते माहीत होतं. तैलरंग असाच सुकतो, हे मी सांगलीला मुलींना शिकवलं होतं.

परत येताना मी सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते. हायवेला लागलो आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाली, "एक सुचलंय. यंदा तू मखर करू नकोस. गणपती आपण या चित्रापुढेच बसवू. मागचं आभाळच मखर. तुझाही त्रास वाचेल."

मागच्या वर्षी मखर करून माझा खांदा दीड महिना दुखत होता, आणि मी ते तिला दहादा ऐकवलं होतं. ती माझ्या खांद्याचा विचार करत होती, हे आज मला दिसतं. तेव्हा दिसलं एवढंच की त्या उंच बाईने एका शनिवारात माझी भिंत घेतली आणि वर मखरही घेतलं. मी म्हटलं, चालेल की. आणि रंगाबद्दल जे सांगायचं होतं ते पोटात ठेवून दिलं.

पुढच्या सात-आठ आठवड्यांत मी कितीदा फोन उचलला असेल. स्वयंपाकघरातल्या फोनची लांब वायर बोटाला गुंडाळायची, नंबर फिरवायचा, ती उचलायची, आणि मी तिसरंच काहीतरी बोलायचे. कधी उकडीच्या मोदकांना तांदळाचं पीठ कुठून आणायचं, कधी मुलीचा खोकला. मी स्वतःला बजावत असे की ती डॉक्टर आहे, शिकलेली आहे, तिला एवढं कळायला नको? आणि गणपतीला अजून वेळ आहे, सांगू पुढच्या आठवड्यात. दरम्यान जो तो तिच्याकडे चित्र बघायला जाऊन येत होता. ओरिजिनल आहे म्हणे. डच आहे म्हणे. दोघातिघांनी मला विचारलं, वहिनी, तुमचं काय मत? मी म्हणे, भिंतीला शोभतं. नवऱ्यापाशी मात्र मी इतकी धुसफुसत होते की एकदा तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, तुला तसलं चित्र हवं असेल तर आपणही बघू या ना कुठे. त्या बिचाऱ्याला वाटलं, मला चित्र विकत हवं आहे. मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

गणपतीच्या शनिवारी संध्याकाळी डॉक्टरकडे चाळीसेक माणसं जमली. भिंतीला लागून टेबल, त्यावर डॉक्टरची निळी साडी, साडीवर वीतभर पितळेचा गणपती, आणि मागे ते आभाळ. खोटं कशाला बोलू, माझ्या एकाही मखरात गणपती इतका सुंदर दिसला नव्हता. पांढऱ्यावर पितळ असं उजळलं होतं की आत येणारा प्रत्येक जण दारातच थांबत होता. डॉक्टरच्या नवऱ्याने हौसेने चित्रावर दोन दिवे सोडले होते, तेही चांगले गरम होणारे. दोन्ही बाजूंना समया. रंगाला ऊब लागू देऊ नका, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

आरत्या झाल्या, कापूर झाला. एका काकूंनी अक्षता वाटायला घेतल्या. कोरड्या तांदळाला कुंकू लागत नाही म्हणून त्यांनी तांदूळ चांगले ओले करून कालवले होते. लाल, ओलसर, चिकट. त्या माझ्या हातावर पडल्या आणि मला कळलं की आता काय होणार आहे. मंत्रपुष्पांजलीच्या शेवटी सगळे एकदम अक्षता टाकणार. पुढचे हळूच टाकतात, मागचे डोक्यांवरून फेकतात, आणि आमची इथे जन्मलेली मुलं तर बेसबॉलचा चेंडू टाकावा तशी टाकतात. दर वर्षी माझ्या थर्माकोलवर त्या अक्षता टपटप आपटून खाली पडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मी ब्रशने लाल डाग पुसून काढायचे.

मंत्रपुष्पांजली चांगली लांब असते. तेवढ्या वेळात मी दोन पावलं पुढे जाऊन डॉक्टरच्या कानात एक वाक्य सांगू शकले असते. चित्रावर एक चादर टाका म्हणून मोठ्याने सांगितलं असतं तरी कुणी हसलं नसतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर डोळे मिटून उभी होती. मी मूठ घट्ट धरून म्हणत राहिले, सगळ्यांच्या सुरात, एकही शब्द न चुकता. मग 'मोरया' झालं आणि सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. माझा नेम गणपतीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरचा फोन आला. म्हणाली, येतेस का जरा. आवाज हॉस्पिटलातल्यासारखा सपाट होता. मी गेले. आभाळभर तांदूळ चिकटले होते, पन्नास तरी असतील, काही नुसते टेकलेले, काही अर्धे आत बुडालेले. तिच्या नवऱ्याने रात्री फडक्याने झटकायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे एका ढगावर कुंकवाचा हातभर फराटा उमटला होता. डॉक्टर कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली घेऊन स्टुलावर चढली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. स्पिरिटने रंगच निघेल, असं मी ओरडले. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तुला माहितीये, असं ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग तिने बाटलीला बूच लावलं आणि कार्डावरच्या नंबरला फोन केला.

डच बाई दुपारी आली, एक छोटी पेटी घेऊन. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. रागावली नाही, हे मला जास्त टोचलं. मी मनात तिच्याकडून आरडाओरडा मागत होते, म्हणजे मला तिला नावं ठेवता आली असती. तिने एक दाणा नखाने हलकेच हलवून पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"मी तुला सांगितलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "रंग ओला आहे म्हणून. हिला सांग म्हणून."

मी डॉक्टरकडे पाहिलं नाही, पायाखालच्या गालिच्याकडे पाहत राहिले. त्यातही दोन लाल दाणे होते.

"हिने मला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाली. "त्याच दिवशी, गाडीत. मीच विसरले. चूक माझी आहे."

ती हे इतकं सहज म्हणाली की क्षणभर मलाच वाटलं, आपण सांगितलं होतं की काय. डच बाईने खांदे उडवले आणि पेटीतून दोन चिमटे काढले. एक स्वतः घेतला, एक माझ्या हातात दिला. आम्ही दोघी तीन तास त्या आभाळातले तांदूळ वेचत होतो. मी श्वास रोखून एकेक दाणा उचलत होते आणि तिच्या रंगावर ओरखडाही उठू देत नव्हते. मध्येच ती म्हणाली, तुझा हात चांगला आहे, तू काय रंगवतेस? मी पुढचा दाणा चिमट्यात धरला. स्वयंपाकघरातून डॉक्टरने उत्तर दिलं की ही आमची आर्टिस्ट आहे. नेहमी सांगायची तसंच सांगितलं, त्याच शब्दांत.

कुंकवाचा फराटा डच बाईने सुरीने खरवडून त्यावर नवा पांढरा थापला. उजव्या कोपऱ्यात वरती एक दाणा पार आत गेला होता. तो काढला तर भोवतीची रंगाची साय फाटेल, राहू दे, असं म्हणून तिने त्यावरून सुरी फिरवली नाही. इतक्या वर मागच्या रांगेतूनच कुणीतरी फेकला असणार, असं ती म्हणाली. मी मागच्या रांगेत नव्हते. पण तो कुणी टाकला हे मला माहीत होतं.

ती गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. डॉक्टरने चहा टाकला. मी टेबलाशी बसले आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागले. मी माफी मागणार होते. भिंतीचं सांगणार होते, मखराचं, त्या बाईच्या गॅरेजचं, सगळं. इतका वेळ मी दोन बायकांवर जळत होते आणि त्यातली एक मला पाठीशी घालून, काही न विचारता, माझ्यासाठी आलं किसत होती. तिचा मोठेपणा मला सोसवेना, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही हेवा वाटला. मी म्हटलं, "अगं, मी त्या दिवशी..."

ती कप घेऊन माझ्याकडे वळली. साखरेचा डबा उघडा होता, चमचा हातात होता.

"साखर किती घालू तुला?" तिने विचारलं.

मी दीड चमचा म्हटलं. तिने दीड चमचा घातली. त्यानंतर आमची मैत्री मोडली वगैरे नाही. पुढच्या वर्षी तिने मखर मागितलं, मी करून दिलं, मुलांची लग्नं एकमेकींच्या आधाराने केली, आजही महिन्यातून दोनदा मी तिच्या स्वयंपाकघरात बसते. कोपऱ्यातल्या दाण्यासकट ते चित्र त्याच भिंतीवर आहे. चहा झाला की ती कप घेऊन वळते, आणि साखर किती ते विचारते.